परदेशात सेवा, दोघांचा संसार: मिशनरी जोडप्यासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

परदेशी सेवाकार्याला निघालेल्या जोडप्याला निरोपाच्या उपासनेत आशीर्वाद भरपूर मिळतात. मात्र प्यायचे पाणी किती वेळ उकळावे, दारात पैसे मागायला आलेल्या माणसाला काय उत्तर द्यावे, आणि पती सभांना गेला असताना पत्नीने परक्या गावात दिवस कसा काढावा, हे सांगायला कोणी उभे राहत नाही. माझे पती आणि मी एका देशात अकरा वर्षे सेवेत होतो. त्या देशाचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण आमच्याबरोबर काम केलेली माणसे अजून तिथेच राहतात आणि माझ्या लेखामुळे त्यांना त्रास व्हायला नको. त्या वर्षांत मुदतीआधी परतलेली पाच-सहा जोडपी मी जवळून पाहिली. त्यांतले एकही छळामुळे परतले नव्हते. कोणाचे आजारपण वाढले, कोणाचा हिशेब कोलमडला, आणि बाकीच्यांच्या बाबतीत दोघांपैकी एकजण केव्हाच मनाने घरी परतलेला होता, फक्त दुसऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. म्हणून पुढच्या बहुतेक पायऱ्यांवर मी एकच कसोटी लावली आहे: हाच प्रश्न दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून विचारला, तर उत्तर सारखे येईल का?

पहिली पायरी: निर्णय खरोखर दोघांचा आहे का, ते तपासा

१८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारे इंग्रज मिशनरी विल्यम केरी आपल्याला ठाऊक असतात. त्यांच्या पत्नी डोरोथी यांच्याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. १७९३ साली केरी बंगालला निघाले तेव्हा डोरोथी यांनी जायला नकार दिला होता. त्या गरोदर होत्या आणि पदरी लहान मुले होती. जहाज सुटायला उशीर झाला, तेवढ्यात बाळंतपण झाले, पुन्हा मनधरणी झाली, आणि बहीण बरोबर येणार असेल तर येते, या अटीवर त्या निघाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला. डोरोथी त्यातून सावरल्या नाहीत. मानसिक आजारात पुढची वर्षे काढून १८०७ साली सेरामपूर येथे त्यांचा मृत्यू झाला. ही कथा मी प्रत्येक नव्या जोडप्याला सांगते, कारण ‘ती तयार झाली’ आणि ‘तिने ठरवले’ या दोन वाक्यांतले अंतर तिच्यात स्पष्ट दिसते.

पाठवणाऱ्या मंडळीने, म्हणजे चर्चने, दोघांची मुलाखत स्वतंत्रपणे घ्यावी आणि पत्नीशी बोलणाऱ्यांत निदान एक स्त्री असावी, असा आग्रह जोडप्याने स्वतःच धरावा. त्याआधी दोघांनी एकमेकांना न दाखवता तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत: मी कशासाठी जात आहे, तिथल्या पहिल्या वर्षात माझे स्वतःचे काम कोणते, आणि काय घडले तर आपण परत यायचे. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण बिचकतात, कारण परतीचा विचार करणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे त्यांना वाटते. माझे मत अगदी उलट आहे. शांत डोक्याने ठरवलेली अट संकटाच्या रात्री होणारे भांडण वाचवते. आम्ही आमचे कागद एका पाकिटात घालून ठेवले होते आणि चौथ्या वर्षी, एका कठीण आजारपणात, ते उघडले. आपण काय ठरवले होते हे स्वतःच्या अक्षरात वाचायला मिळाल्यामुळे तो निर्णय अर्ध्या तासात झाला.

दुसरी पायरी: कागदपत्रे आणि कायदा

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी, अशी अट अनेक देश घालतात. विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि शैक्षणिक प्रमाणपत्रे परदेशी कार्यालयात चालण्यासाठी त्यांच्यावर अपोस्टिल हा शिक्का लागतो. १९६१ च्या हेग करारात सामील असलेल्या देशांमध्ये तो पुरतो. इतर देशांसाठी कागद दूतावासातून साक्षांकित करून घ्यावे लागतात आणि त्याला बराच जास्त वेळ जातो. निघण्यापूर्वी दोघांचे मृत्युपत्र, मुलांच्या पालकत्वाची लेखी व्यवस्था आणि मागे राहणाऱ्या एका विश्वासू व्यक्तीच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवावे.

व्हिसाचा प्रकार आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ असलाच पाहिजे. पर्यटक म्हणून शिरायचे आणि सेवाकार्य करायचे, हा मार्ग सोपा वाटला तरी तो खोटेपणाचा आहे, आणि त्याची किंमत शेवटी स्थानिक मंडळीला मोजावी लागते. जोडीदाराच्या व्हिसाकडे तर विशेष लक्ष द्यावे. उदाहरणार्थ, अमेरिकेचा धार्मिक कार्यकर्त्यांसाठीचा आर-१ व्हिसा जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी असतो, पण त्यावर अवलंबून असलेल्या पती किंवा पत्नीला मिळणाऱ्या आर-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही. शिकलेली, कमावती पत्नी एका शिक्क्यामुळे एका दिवसात ‘अवलंबून’ ठरते, आणि हे विमानतळावर कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे.

धर्मप्रसाराबद्दलचा त्या देशाचा कायदा मूळ शब्दांत वाचावा किंवा स्थानिक वकिलाकडून समजून घ्यावा. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातले कलम २६ दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते. रशियात २०१६ साली झालेल्या दुरुस्त्यांनी मिशनरी कामासाठी संस्थेचे अधिकारपत्र आवश्यक केले आणि राहत्या घरातील अशा कामावर निर्बंध आणले. ग्रीसमध्ये १९८६ साली क्रीट बेटावरचे एक वयस्क जोडपे, ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे, एका चर्चगायकाच्या पत्नीच्या घरी धर्माविषयी बोलायला गेले आणि दोघांनाही अटक झाली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९३ साली पतीच्या बाजूने निकाल दिला, पण आपल्या श्रद्धेची साक्ष देणे वेगळे आणि आमिष किंवा दबाव वापरून मत वळवणे वेगळे, हा भेदही त्या निकालात केला. कायदा कोणताही असो, ही रेघ प्रत्येक जोडप्याने स्वतःसाठी आखून घ्यावी.

तिसरी पायरी: शरीराची तयारी

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र जुलै २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. हिपॅटायटिस ए च्या लसीचा दुसरा डोस सहसा सहा महिन्यांनी घ्यायचा असल्याने लसीकरणाचे नियोजन लवकर सुरू करावे. मलेरियाच्या प्रदेशात जाणार असाल तर प्रतिबंधक औषध दोघांसाठी एकच असेल असे गृहीत धरू नये. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात टाळतात. मेफ्लोक्वीन आठवड्यातून एकदाच घ्यायचे असल्याने सोयीचे वाटते, पण निद्रानाश, भयंकर स्वप्ने, चिंता आणि नैराश्य हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. पूर्वी कधी नैराश्य आले असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. सेवेला निघालेल्या माणसाने असे काही कबूल करू नये, ही समजूत मी अनेकांत पाहिली आहे आणि ती घातक आहे.

घरातले नियम थोडेच पण पक्के असावेत. पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट उकळू द्यावे. २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे. मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, तर डेंग्यूचा एडिस दिवसा, त्यामुळे फक्त रात्रीच्या मच्छरदाणीवर भिस्त ठेवता येत नाही. साठवलेले पाणी झाकावे आणि भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावीत. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, हे प्रमाण स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवून ठेवावे, कारण वेळ येते तेव्हा आठवत नाही. आरोग्यविम्यात रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे अटी वाचून पाहावे. परतल्यानंतर काही महिन्यांनी ताप आला तरी आपण मलेरियाच्या प्रदेशात राहून आलो आहोत, हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावे.

चौथी पायरी: घर लावणे

सामान कमी न्यावे. विजेचा दाब, प्लगचा आकार आणि दुरुस्तीची सोय पाहिल्याशिवाय कोणतेही उपकरण बरोबर घेऊ नये. घर ठरवण्याआधी ते दिवसा, रात्री आणि शक्य असल्यास पावसात, असे तीन वेळा पाहावे, आणि पाणी किती वाजता येते ते मालकाऐवजी शेजाऱ्याला विचारावे. भाडेकरारावर दोघांचीही नावे घालावीत. परदेशी लोकांची वेगळी वसाहत सुरक्षित आणि सोयीची असते. पण तिथे राहणारा माणूस ज्यांच्यासाठी आला त्यांना कामाच्या वेळेतच भेटतो, शेजारी म्हणून कधीच भेटत नाही. पहिले सहा महिने तरी लोकवस्तीत राहावे, असे मी सुचवीन. अर्थात लहान मूल किंवा गंभीर आजार असेल तर हा सल्ला बाजूला ठेवावा.

पाचवी पायरी: भाषा, आणि ती दोघांची

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ थांबणार आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षणसंस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. तिच्या अंदाजाप्रमाणे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना कामापुरती अरबी, चिनी, जपानी किंवा कोरियन येण्यासाठी सुमारे २,२०० तासांचे वर्ग लागतात. मातृभाषेनुसार हा आकडा कमी-जास्त होईल, पण कठीण भाषेसाठी महिन्यांची नव्हे, वर्षांची तयारी ठेवावी, हे त्यातून कळते. सेवा ‘सुरू’ करण्याची घाई करणारी पाठवणारी मंडळी असेल तर हा आकडा तिच्यासमोर ठेवावा.

अ‍ॅडोनिराम आणि अ‍ॅन जडसन हे अमेरिकन जोडपे १८१३ साली ब्रह्मदेशात रंगूनला पोहोचले. अ‍ॅडोनिराम दिवसभर पुस्तके आणि शिक्षक घेऊन बसत. अ‍ॅन यांच्या वाट्याला घर आले, आणि घर चालवायचे म्हणजे सकाळपासून ब्रह्मी बोलणे भागच होते. भाषेची घडण आपल्या पतीला अधिक कळते, पण बोलणे आणि समजणे आपल्याला जास्त जमते, असे अ‍ॅन यांनी पत्रात लिहून ठेवले आहे. त्यांच्या पहिल्या ब्रह्मी शिष्याचा बाप्तिस्मा १८१९ साली झाला, म्हणजे पोहोचल्यानंतर सहा वर्षांनी. आजच्या वार्षिक अहवालांच्या भाषेत ती सहा वर्षे ‘निष्फळ’ ठरली असती.

प्रत्यक्ष कसे शिकावे? सकाळी दोन तास शिक्षकाकडे, आणि त्यातून उचललेली पाच वाक्ये त्याच दिवशी निदान दहा माणसांशी बोलायची, एवढा नेम पुरतो. वर्गाची फी दोघांसाठी भरावी. मुले लहान आहेत म्हणून पतीने आधी शिकावे आणि पत्नीने नंतर, असे ठरले की ते ‘नंतर’ बहुधा येत नाही. त्यापेक्षा एकाने सकाळी आणि दुसऱ्याने दुपारी वर्गाला जावे. एकाने दुसऱ्याचा दुभाषा होऊ नये. बाजारात, दवाखान्यात, कार्यालयात ज्याचे काम त्याने बोलावे आणि दुसऱ्याने तोंडाशी आलेला शब्द गिळावा. हे फार जड जाते, विशेषतः रांगेत मागे दहा माणसे उभी असताना.

चुका सुधारणारी एक व्यक्ती ठरवून घ्यावी. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या. रोज सकाळी त्या पायरीवर बसायच्या आणि मी त्यांच्याशी मोठ्या उत्साहाने गप्पा मारायची. त्या ऐकायच्या, हसायच्या, कधी पाठीवर हात ठेवायच्या. आठ-नऊ महिन्यांनी त्यांची शाळकरी नात सुटीत आली, तिने माझे बोलणे ऐकले आणि तोंडावर हात दाबून आत पळाली. मग कळले की मी इतके दिवस आजींना लहान मुलांना लावायचे सर्वनाम लावत होते. आपल्याकडे एखाद्या वृद्धेला ‘काय गं, जेवलीस का’ म्हणावे तसे. आजींनी कधी चूक दाखवली नाही, कारण पाहुण्याला दुरुस्त करणे त्यांना अशोभनीय वाटत होते. त्या दिवसापासून मी त्या नातीलाच शिक्षिका केले. मोठी माणसे सभ्यपणा पाळतात; मुले खरे सांगतात.

सहावी पायरी: दिवसाची आणि आठवड्याची घडी

मानववंशशास्त्रज्ञ कॅलेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० साली, मिशनऱ्यांमध्ये वाचल्या जाणाऱ्या एका नियतकालिकातच, परक्या संस्कृतीच्या धक्क्याचे टप्पे मांडले: आधी सगळेच सुंदर वाटते, मग सगळ्याचाच राग येतो, मग हळूहळू सावरणे आणि शेवटी रुळणे. प्रत्येकाच्या बाबतीत हा क्रम असाच जातो असे नाही. जोडप्याच्या बाबतीत त्यात आणखी एक गुंता असतो, तो म्हणजे दोघे एकाच वेळी एकाच टप्प्यावर नसतात. एक जण अजून नव्या नवलाईत असतो आणि दुसऱ्याला शेजारच्या रेडिओचा आवाज असह्य झालेला असतो. अशा वेळी उत्साही जोडीदाराने उपदेश करू नये, आणि प्रार्थनेचा आधार घेऊनही करू नये.

यावर उपाय म्हणजे वेळापत्रक, आणि ते कागदावर असावे. उठण्याची, जेवण्याची, एकत्र प्रार्थनेची आणि दार बंद करण्याची वेळ ठरलेली असावी. मिशनऱ्याच्या घरी लोक केव्हाही येतात आणि बऱ्याच समाजांत वेळ न सांगता येणे हेच आपलेपणाचे लक्षण मानतात. म्हणून ‘आत्ता जमणार नाही’ हे तिथे सभ्यपणे कसे म्हणतात, ते स्थानिक पाळकांकडून, म्हणजे पास्टरांकडून, शिकून घ्यावे. आठवड्यातला एक दिवस सुटीचा ठरवावा. रविवार तुमच्यासाठी कामाचा दिवस असतो, तेव्हा तो मोजू नये. घरकामाची वाटणी पहिल्याच महिन्यात नव्याने करावी, कारण यंत्रे आणि सोयी नसलेल्या घरात पाणी भरणे, धुणे आणि बाजार यांना आपल्या अंदाजाच्या दुप्पट वेळ जातो, आणि तो कोणाच्या वाट्याला जातो हे मी सांगायला नको.

सातवी पायरी: पैसा, घरातला आणि दारातला

मंडळीकडून मदतीचे आश्वासन एका चलनात मिळते आणि खर्च दुसऱ्या चलनात होतो, हे मासिक अंदाजपत्रकाचे मूळ दुखणे. विनिमयदर घसरला तरी भागेल एवढी फट ठेवूनच आकडा मंडळीला सांगावा. तीन महिन्यांचा खर्च आणि दोघांच्या परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवावेत आणि त्यांना कोणत्याही पुण्यकारणासाठी हात लावू नये. एखाद्या देशात वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिल्यास तिथले करदायित्व लागू होणे ही अनेक देशांत आढळणारी तरतूद आहे. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे का, हे निघण्यापूर्वीच जाणकाराला विचारावे.

खाते दोघांच्या नावे असावे. आमचे नव्हते. तिसऱ्या वर्षी माझे पती शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले तेव्हा अनामत रक्कम भरायला मी बँकेत गेले, आणि खिडकीवरच्या माणसाने, अगदी नम्रपणे, खातेदाराची सही आणायला सांगितले. खातेदार बेशुद्ध होता. मंडळीतल्या एका शिक्षिकेने स्वतःची बचत आणून दिली म्हणून वेळ निभावली. सांकेतिक शब्द, विम्याचा क्रमांक, दूतावासाचा दूरध्वनी आणि कोणाचे किती देणे आहे, या चार गोष्टी दोघांनाही ठाऊक असल्याच पाहिजेत.

आता दारातला पैसा. परदेशी माणूस कितीही साधा राहिला तरी तो श्रीमंतच समजला जातो, आणि बहुतेक वेळा तो तुलनेने श्रीमंत असतोही. औषध, फी, अंत्यविधी, भाडे, अशा मागण्या येत राहतात. त्यांतल्या बऱ्याच खऱ्या असतात. आम्ही पहिले वर्ष मनाला येईल तसे देत गेलो. परिणाम असा झाला की चांगले बोलता येणाऱ्यांना मिळाले आणि लाजाळू विधवा तशीच राहिली. पुढे आम्ही नियम केला की जीवघेणे आजारपण सोडून दारात रोख रक्कम द्यायची नाही. आमचा वाटा स्थानिक मंडळीच्या मदतनिधीत जाईल आणि कोणाला द्यायचे ते तिथले वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, ठरवतील. सुरुवातीला काही जण दुरावले. पण मिशनरी म्हणजे बोलता-चालता खजिना, ही ओळख त्यामुळे पुसली गेली, आणि श्रद्धेकडे येणारा माणूस पैशासाठी येत आहे का, हा संशयही कमी झाला. उसने देणे मात्र पूर्णपणे टाळावे. त्यात पैसा आणि मित्र दोन्ही जातात.

घरकामाला माणूस ठेवल्यास तिथल्या कायद्याप्रमाणे वेतन, आठवड्याची सुटी आणि आजारपणाची रजा लेखी द्यावी. ‘ती आमच्या घरचीच आहे’ हे वाक्य वेतनाच्या जागी वापरू नये.

आठवी पायरी: स्थानिक मंडळीत आपली जागा

लंडनचे हेन्री व्हेन आणि अमेरिकेचे रूफस अँडरसन या मिशनसंस्थांच्या दोन सचिवांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले होते की मंडळीने स्वतःचा खर्च उचलावा, स्वतःचा कारभार पाहावा आणि स्वतः वाढावे, आणि मिशनरीने तिथून मोकळे व्हावे. रोजच्या जीवनात याचा अर्थ साधा आहे. सभेची वेळ तुम्ही ठरवू नये. किल्ली तुमच्या खिशात असू नये. वाद्य, खुर्च्या, ध्वनिवर्धक अशा वस्तू मंडळी स्वतः दुरुस्त करू शकेल अशाच असाव्यात.

जोडप्याने मिळून काम करण्याचा नमुना हवा असेल तर अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे पाहावे. बायबलच्या नव्या करारात त्यांची नावे सहा ठिकाणी येतात आणि सहाही वेळा एकत्र. करिंथमध्ये तंबू करण्याचा त्यांचा धंदा होता, प्रेषित पौल त्यांच्याच घरी राहून तेच काम करत होता. आणि पुढे अपुल्लोस नावाच्या उपदेशकाला जे अपुरे कळले होते ते या दोघांनी त्याला सभास्थानात सर्वांदेखत न टोकता बाजूला घेऊन समजावले. परदेशात स्वतःच्या व्यवसायावर जगून सेवा करणाऱ्यांना आजही ‘तंबू करणारे’ म्हणतात ते यावरून. हा मार्ग घेणाऱ्या जोडप्याने व्यवसाय दाखवण्यापुरता ठेवू नये. दुकान किंवा वर्ग खरोखर चालत नसेल तर शेजाऱ्यांना ते आठवड्याभरात कळते.

नववी पायरी: आपसातले नाते आणि मुले

परदेशात जोडीदार हाच मित्र, सहकारी, भाऊबंद आणि कधी कधी एकमेव श्रोता होतो, आणि एवढे ओझे एका माणसाला पेलत नाही. दोघांनाही आपापला एक स्थानिक मित्र हवा आणि मायदेशी एक अशी व्यक्ती हवी जी अहवाल मागत नाही. आठवड्यातून एकदा तासभर बोलण्याची वेळ ठेवावी आणि त्या तासात कामाचा विषय काढू नये. आम्ही भांडणाचाही नियम केला होता: रात्री दहानंतर सुरू करायचे नाही आणि बाहेरच्यांसमोर मराठीत सुरू करायचे नाही. शब्द कळले नाहीत तरी स्वर सगळ्यांना कळतो, हे आमच्या शेजारणीने एकदा हळूच सांगितले, तेव्हा हा दुसरा नियम झाला. मूल का नाही, दुसरे केव्हा, असे प्रश्न अनेक समाजांत सहज विचारले जातात. त्यांचे एकच उत्तर दोघांनी आधी ठरवून ठेवावे.

एका संस्कृतीत जन्मून दुसरीत वाढणाऱ्या मुलांसाठी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ ही संज्ञा समाजशास्त्रज्ञ रूथ आणि जॉन युसीम यांनी १९५० च्या दशकात, भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना वापरात आणली. या मुलांना ‘तुझे गाव कोणते’ हा प्रश्न सर्वांत अवघड जातो. घरात मातृभाषा नेमाने बोलावी आणि वाचावी. शाळेची निवड करताना पुढचे शिक्षण कोणत्या देशात होणार हे आधी पाहावे. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने एक नियम कडकपणे पाळावा: कोणतेही मूल, आपले किंवा दुसऱ्याचे, एकाच मोठ्या माणसाबरोबर बंद दाराआड राहणार नाही, मग तो माणूस कितीही आदरणीय असो.

दहावी पायरी: मायदेशी पत्रे

महिन्यातून एक पत्र पुरे. त्यात काम झाले नाही तर तसे लिहावे. ज्याचा फोटो छापायचा त्याला ते पत्र त्याच्या भाषेत वाचून दाखवावे आणि मगच परवानगी मागावी. आमची पत्रे मी अशी वाचून दाखवू लागले तेव्हा त्यांतली ‘बिचारे’, ‘अंधारात’, ‘भुकेलेले’ ही विशेषणे आपोआप गळाली, कारण समोर बसलेल्या माणसाला ती वाचून दाखवता येईनात. जिथे धर्मांतर ही जोखीम आहे तिथे नाव, गाव, चेहरा यांपैकी काहीही देऊ नये.

अकरावी पायरी: संकट आणि निरोप

दंगल, युद्ध किंवा भूकंप झाल्यास कोठे भेटायचे, कोणत्या टप्प्यावर निघायचे आणि हा निर्णय कोण घेणार, हे लिहून ठेवावे. दोघांपैकी एकाने जरी ‘निघू या’ म्हटले तरी निघायचे, असा आमचा करार होता. पासपोर्ट, रोख रक्कम, औषधे आणि कागदांच्या प्रती असलेली एक पिशवी दाराजवळ असावी. मायदेशी आईवडील वृद्ध असतील तर अचानक जाण्याच्या तिकिटाची तजवीज आणि कोणाच्या वेळी कोण जाणार, हेही ठरलेले असावे.

कायमचे परतताना मात्र किमान तीन महिने हाताशी ठेवावेत. अशा कुटुंबांसोबत दीर्घकाळ काम केलेले डेव्हिड पोलॉक निरोपाची चार कामे सांगत: बिघडलेली नाती सांधणे, ज्यांनी दिले त्यांना ते बोलून दाखवणे, माणसांचा तसाच जागांचाही निरोप घेणे, आणि पुढच्या ठिकाणाचा वास्तव विचार करणे. पहिले काम दोघांनी वेगवेगळे करावे, कारण दोघांनी दुखावलेली माणसे वेगवेगळी असतात. सामान वाटताना ते कोणाला मिळणार हे मंडळीच्या वडिलांकडून ठरवून घ्यावे, नाहीतर शेवटच्या आठवड्यात एका कपाटावरून अकरा वर्षांची मैत्री तुटते. घराची एक वही करून ठेवावी: पाण्याची वेळ, विजेचा मुख्य खटका कुठे आहे, कोणता डॉक्टर रात्री दार उघडतो, पायरीवर बसणाऱ्या आजींना कोणते सर्वनाम लावायचे. आमच्यानंतर आलेल्या जोडप्याला मी ती किल्लीबरोबरच दिली, आणि पहिली काही पाने कोरी सोडली, कारण त्यांनी तिथे आपापली तीन उत्तरे लिहावीत अशी माझी इच्छा होती.